रेव्हिटमध्ये जमिनीखालचे माती, मुरूम आणि खडकाचे थर बोअर लॉगप्रमाणे कसे दाखवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातला उताराचा प्लॉट, दोन बेसमेंट, सहा बोअर (जमीन तपासायला पाडलेली भोकं) घेतलेला भूतांत्रिक अहवाल आणि रेव्हिट २०२४ (इमारतीचं त्रिमितीय मॉडेल बनवणारं सॉफ्टवेअर). टोपोसॉलिडच्या (रेव्हिटमधला जमिनीचा घन) टाइपमध्ये काळी माती, मुरूम, कच्चा खडक, पक्का खडक असे लेयर जाडीसह भरले, पण सेक्शन काढला की खडक जमिनीच्या उताराबरोबर खाली उतरतो आणि एकाही बोअरशी धड जुळत नाही.

आकडे बरोबर असूनही तो जुळणार नाही. टोपोसॉलिडचे लेयर भिंतीच्या किंवा स्लॅबच्या लेयरसारखेच चालतात. वरचा पृष्ठभाग जसा वळेल तसा खालचा प्रत्येक थर त्याला समांतर, तेवढ्याच जाडीचा. एका लेयरला ‘व्हेरिएबल’ केलं तर तळ सपाट होतो आणि सगळा फरक त्या एका लेयरमध्ये जिरतो. प्रत्येक थराची हद्द स्वतंत्रपणे वर-खाली करण्याची सोय त्यात नाही. लॉनखालची माती आणि रस्त्याखालची खडी यांसाठी ही रचना उत्तम आहे, भूस्तरांसाठी ती वापरू नका. पुण्यात तर हे जास्तच चुकतं. दख्खनच्या लाव्हाचे थर जवळजवळ आडवे आहेत, जमीन मात्र नाल्याकडे उतरते, आणि खडकाची झीज भेगांच्या आधाराने कुठे खोल, कुठे उथळ जाते. एका बोअरला तीन मीटरवर लागलेला खडक पलीकडच्या बोअरला सहा मीटरवर लागू शकतो.

म्हणून जाडी भरणं सोडा आणि हद्दींचे आरएल (ठरलेल्या संदर्भ पातळीपासूनची उंची) भरा. मॉडेलमध्ये थर काढायचे नसून दोन थरांमधली हद्द काढायची आहे, हे एकदा पक्कं केलं की बाकीचं काम सरळ आहे.

सुरुवात एक्सेलपासून. बोअर लॉगमध्ये (कोणत्या खोलीवर काय लागलं याची नोंद) खोली बोअरच्या तोंडापासून दिलेली असते, म्हणून आधी प्रत्येक तोंडाचा आरएल सर्व्हेवाल्याकडून घ्या. अहवालात कधीकधी सगळ्या बोअरचं तोंड ‘०.००’ लिहिलेलं असतं. ते तसंच वापरलं तर उताराचा सगळा फरक खडकावर चढतो. उदाहरणार्थ, बोअर ३ चं तोंड ५६१.४० वर आहे, काळी माती १.२० मी. पर्यंत, मुरूम ३.१० पर्यंत, कच्चा खडक ४.९० पर्यंत आणि त्याखाली पक्का खडक. बोअर १२ मीटरवर थांबवला. मग हद्दी झाल्या ५६०.२०, ५५८.३० आणि ५५६.५०, आणि बोअरचा तळ ५४९.४०. प्रत्येक बोअरला अशी एक ओळ करा.

लॉगमधली वर्णनं आठ-दहा असतील: पिवळसर करडा, पूर्ण झिजलेला, मध्यम झिजलेला वगैरे. त्यांचे चार-पाच गट करा, पण हे काम स्वतःच्या अंदाजाने करू नका. कच्चा खडक कुठे संपतो आणि पक्का कुठे सुरू होतो हे एसपीटीचे ठोके (चाचणीची नळी जमिनीत ठोकायला लागलेले), कोअर रिकव्हरी (खडकाचा किती नमुना सलग बाहेर आला) आणि आरक्यूडी पाहून ठरतं (आरक्यूडी म्हणजे १० सेंमीहून लांब तुकड्यांच्या एकूण लांबीचं त्या टप्प्याच्या लांबीशी टक्क्यांत प्रमाण). ती रेघ भूतांत्रिक सल्लागाराकडून मारून घ्या. झिजलेल्या बेसाल्टमध्ये मातीत रुतलेले मोठे गोटे सापडतात. बोअर नेमका गोट्यावर उतरला तर ‘खडक लागला’ अशी नोंद होते आणि खाली पुन्हा मुरूम निघतो. दोन-तीन मीटर सलग चांगला कोअर आलेला नसेल तर त्या नोंदीवर खडकाची हद्द बांधू नका.

आता दोन चुका, ज्या जवळजवळ प्रत्येक मॉडेलमध्ये होतात. पहिली: एखाद्या बोअरमध्ये थरच नाही. समजा बोअर ५ मध्ये काळ्या मातीखाली थेट कच्चा खडक आहे. तिथे मुरुमाची चौकट रिकामी ठेवली तर त्रिकोण तो बिंदू ओलांडून शेजारच्या बोअरना जोडतात आणि नसलेला मुरूम पसरतो. थर नाही म्हणजे जाडी शून्य. मुरुमाचा तळ मातीच्या तळाइतकाच लिहा. प्रत्यक्षात १० मिमी जाडी ठेवा, कारण अगदी शून्य जाडीचा घन सॉफ्टवेअरला बनवता येत नाही. १,००० चौरस मीटरवर ही चूक जास्तीत जास्त १० घनमीटर, तीही शेजारच्या थरातून वजा झालेली.

दुसरी याच्या उलट, आणि जास्त घातक: बोअर त्या थरापर्यंत पोचलाच नाही. आठ मीटरवर थांबवलेल्या बोअरमध्ये पक्का खडक दिसला नाही, तर आठ मीटरवर खडक आहे असं नव्हे. बोअरचा तळ खडकाच्या रकान्यात कधीही लिहू नका. त्या हद्दीसाठी सल्लागाराकडून गृहीत आरएल घ्या, आणि तो गृहीत असल्याची खूण त्याच ओळीत करा.

बोअरच्या बाहेरचा भाग हा पुढचा प्रश्न. सहा बोअर जोडून जो बहुकोन होतो त्यापलीकडे माहिती नाही, पण बेसमेंटची भिंत नेमकी तिथेच असते. प्लॉटच्या चार कोपऱ्यांवर चार गृहीत बिंदू घ्या. जमिनीचा आरएल सर्व्हेमधून, थरांचा जवळच्या बोअरवरून. असे एकूण दहा बिंदू झाले, आणि कोपरे चार असल्यामुळे त्रिकोण १४ होतात. कोणते तीन बिंदू एका त्रिकोणात हे एक्सेलच्या दुसऱ्या पानावर हातानेच लिहा. एवढ्या कमी बिंदूंसाठी आपोआप त्रिकोण पाडणारं साधन शोधायची गरज नाही, आणि सल्लागाराला एखादी जोडणी पटली नाही तर ती बदलता येते.

सर्व हद्दींना तेच दहा बिंदू आणि तेच १४ त्रिकोण वापरले की प्रत्येक थर म्हणजे १४ उभे त्रिकोणी खांब. हे डायनॅमोमध्ये (रेव्हिटमधलं, नोड जोडून काम आपोआप करून घेण्याचं साधन) सहज होतं. वरचे तीन बिंदू पॉलिगॉन.बायपॉइंट्सने जोडा, खालचे तीन तसेच, दोन्हींमध्ये सॉलिड.बायलॉफ्ट, १४ खांबांचं सॉलिड.बाययुनियन, आणि शेवटी डायरेक्टशेप.बायजॉमेट्री (याने घन रेव्हिटमध्ये येतो). कॅटेगरी जेनेरिक मॉडेल ठेवा, म्हणजे सेक्शनमध्ये थर कापला जातो आणि मटेरिअलचा कट पॅटर्न दिसतो. वरच्या-खालच्या त्रिकोणात बिंदूंचा क्रम एकच ठेवा, नाहीतर खांब पिळला जातो. युनियन अडलं तर खांब सुटेच राहू द्या. मोजमापात फरक पडत नाही. सर्वांत खालच्या थराला खरा तळ नसतो. त्याचा तळ सर्वांत उथळ बोअरच्या तळापाशीच थांबवा, त्याखाली काहीच दाखवू नका.

डायनॅमोला आकडे देताना दोन गोष्टी. तो प्रोजेक्टच्या एककात मोजतो. प्रोजेक्ट मिलिमीटरमध्ये असेल तर मीटरचे आकडे १,००० ने गुणा, नाहीतर सगळा प्लॉट बुटाच्या खोक्यात मावेल. आणि तो रेव्हिटच्या अंतर्गत मूळबिंदूपासून मोजतो. तुमची ±०.०० पातळी त्या मूळबिंदूवर असून तिचा आरएल ५६२.०० असेल, तर ५५६.५० ची हद्द उणे ५,५०० मिमी होईल. सर्व्हेचे यूटीएम (जागतिक नकाशाजाळीवरचे) निर्देशांक थेट टाकू नका. पुण्याचा उत्तरेचा आकडा २० लाख मीटरच्या पुढे जातो आणि रेव्हिटची भूमिती मूळबिंदूपासून सुमारे १६ किलोमीटरपर्यंतच भरवशाची असते. प्लॉटच्या एका कोपऱ्याचे निर्देशांक सगळ्यांतून वजा करा आणि खरी जागा शेअर्ड कोऑर्डिनेट्सने द्या.

सिव्हिल थ्रीडी (जमीन आणि रस्त्यांच्या आराखड्याचं सॉफ्टवेअर) हाताशी असेल तर प्रत्येक हद्दीचा स्वतंत्र सरफेस करून, दोन सरफेसमधला घन काढायची त्यातली आज्ञा वापरा. बोअर पंचवीस-तीस असतील तर तेच बरं. सहा बोअरसाठी त्याची गरज नाही.

वरची जमीन मात्र टोपोसॉलिडच राहू द्या, पूर्ण सर्व्हेच्या बिंदूंवरून. दहा बिंदूंची जमीन फार ओबडधोबड होते. मोजमापाची रीत अशी: खोदाईचा घन राफ्टची (बेसमेंटखालचा सलग पाया) बाह्यरेषा, कामाची जागा आणि पीसीसीचा (पायाखालचा साध्या काँक्रीटचा थर) तळ धरून बनवा. जमिनीच्या टोपोसॉलिडमधून तो कापून एकूण खोदाई मिळवा (आवृत्ती २०२५ पासून त्यासाठी वेगळी आज्ञा आहे). मग डायनॅमोत तोच घन मुरूम, कच्चा आणि पक्का खडक यांच्याशी एकेक छेदून घनफळ घ्या. एकूण खोदाईतून यांची बेरीज वजा केली की काळी माती उरते. आयएस १२०० (बांधकामाच्या मोजमापाचं भारतीय मानक) भाग १ मध्ये माती, मऊ खडक आणि कठीण खडक यांची खोदाई वेगवेगळी मोजतात आणि दरही वेगळे असतात, त्यामुळे या मॉडेलचा खरा उपयोग इथे होतो. ही घनफळं जागेवरची आहेत. डंपरच्या फेऱ्या मोजताना खडक फोडल्यावर साधारण दीडपट फुगतो हे धरा.

थरांबरोबर बोअर स्वतः मॉडेलमध्ये हवेतच. एक साधी फॅमिली (रेव्हिटमधला पुन्हा वापरता येणारा घटक) करा: रंगीत दंडगोलांची चळत, प्रत्येकाची उंची पॅरामीटरने ठरणारी. खरं भोक खडकात जेमतेम ७५ मिमी असतं, पण दिसावं म्हणून ३०० मिमी काढा. बोअरच्या दंडगोलावर लॉगमधली सगळी वर्णनं येऊ द्या, गट केलेली नव्हे. सेक्शन पाहणाऱ्याला मोजलेलं कोणतं आणि आपण जोडलेलं कोणतं हे लगेच कळतं. जोडलेल्या हद्दी तुटक रेषेने दाखवा.

दोन लाव्हाथरांमध्ये लाल मातकट पट्टा लागला असेल तर त्याला पक्क्या खडकात मिसळू नका. तो पाण्याने लवकर ढिला होतो, आणि वर कठीण खडक असल्याने नजरेतून सुटतो. दोन शेजारच्या बोअरमध्ये तो जवळपास एकाच आरएलवर असेल तर स्वतंत्र थर करा, म्हणजे पक्का खडक वरचा आणि खालचा असा दुभागला जाईल. एकाच बोअरमध्ये असेल तर फक्त दंडगोलावर दाखवा आणि टीप लिहा. राफ्टच्या तळाशी तो येत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला त्याच दिवशी कळवा.

भूजलपातळी वेगळा पृष्ठभाग म्हणून ठेवा आणि मोजल्याची तारीख त्याच्या पॅरामीटरमध्ये भरा. मे महिन्यातली पातळी पाहून बेसमेंट कोरडं समजू नका. पावसाळ्यानंतर ती वर येते, आणि राफ्टच्या तळाच्या वर दर मीटर पाण्याला खालून सुमारे १० किलोन्यूटन प्रति चौरस मीटर दाब येतो.

हे थर फक्त भूमिती आहेत. मटेरिअलला ‘बेसाल्ट’ नाव दिल्याने विश्लेषणात काही उतरत नाही. धारणक्षमता आणि स्प्रिंगची (जमिनीचा ताठरपणा दाखवणारी) मूल्यं अहवालातूनच विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये जातात. दुसऱ्या संस्थेला मॉडेल द्यायचं असेल तर आयएफसी (मॉडेलच्या देवाणघेवाणीचं खुलं स्वरूप) ४.३ मध्ये बोअरहोल आणि भूस्तर यांच्यासाठी स्वतंत्र वर्ग आहेत. समोरच्याचं सॉफ्टवेअर ते वाचतं का, हे आधी एक बोअर पाठवून तपासा.