किशोरांसाठी कालप्रवासाची कादंबरी लिहितेय. प्रेमकथा आणि घरातलं गुपित कसं जुळवू? कालप्रवासाचे नियम किती सांगू?

तुमचं कथानक वाचलं. सतरा वर्षांची मुलगी गिरगावातल्या चाळीतून थेट एप्रिल 1944 मध्ये जाते, गोदीतल्या स्फोटाच्या आठ दिवस आधी. तिथला एक मुलगा तिला आवडतो आणि माळ्यावरच्या ट्रंकेत पणजीची पत्रं सापडतात. आधी ती ट्रंक काढून टाका.

आमच्या घरातलं गुपित मोरीत होतं. पितळेचं घंगाळ. दर दिवाळीला आजी ते चिंच लावून घासायची, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. आम्ही सगळी भावंडं त्यातल्या पाण्याने न्हालो, पण काठाखाली कोरलेलं कधी वाचलं नाही. भांड्यांवर नावं असतातच. 2009 साली चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करताना जुनी भांडी मोडीत घालायला काढली होती, आजी जाऊन तेव्हा दोन वर्षं झालेली. भांडीवाल्याने काट्यावर ठेवायच्या आधी घंगाळ उजेडात तिरकं केलं आणि मोठ्याने वाचलं: सौ., पुढे घरात कुणाचंच नसलेलं एक नाव, त्यापुढे आमचं आडनाव, 13-5-43. आजी-आजोबांचं लग्न 1946 चं. (नाव इथे लिहीत नाही, काका वाचेल.)

काका म्हणाला, चोरबाजारातून आणलं असेल, टाक काट्यावर. अहो, चोरबाजारात आमचं आडनाव कोरलेलं घंगाळ मिळतं? मी ते काट्यावरून उचललं, त्यावरून वर्षभर अबोला. शेवटी आत्या बोलली. आजोबांची पहिली बायको. गोदीजवळच्या मांडवीत माहेर. 14 एप्रिल 1944 ला, त्या स्फोटाच्याच दिवशी, आईला भेटायला गेली, ती परत आलीच नाही. आजोबा तीन दिवस शोधत होते. म्हणजे आजीला सगळं ठाऊक होतं आणि ती साठ वर्षं ते नाव चिंचेने घासत होती.

म्हणून सांगते, गुपित रोजच्या वापरातलं असू दे. नायिकेला भूतकाळात पाठवायचं ते गुपित शोधायला नाही, ज्या बाईला घरात कुणी कधी विचारलं नाही तिला विचारायला. आणि तिच्या घरात एक काका ठेवा, जो म्हणेल उकरू नकोस. त्याला चुकीचा ठरवा.

नियमांचं म्हणाल तर एक पान पुरे. घड्याळाचा घोळ मात्र वापरा, तो तयारच आहे. देशाची प्रमाण वेळ 1906 मध्ये आली तरी मुंबईने आपली वेगळी वेळ 1955 पर्यंत सोडली नव्हती, 39 मिनिटं मागे. त्यात युद्धामुळे 1942 ते 45 देशाची घड्याळं एक तास पुढे. 'चार वाजता भेट' म्हटल्यावर कोणाचे चार? तुमची प्रेमकथा एवढ्यावर उभी राहते.

तो मुलगा स्फोटात मारू नका. फोर्ट स्टिकीन जहाजावर सुमारे 1,400 टन स्फोटकं, कापसाच्या गासड्या आणि सोन्याच्या विटा एकत्र होत्या. दुपारी चारच्या सुमाराला पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. वाचकाला हे आधीच माहीत असेल, तर तो मुलगा मरणार हे तो तिसऱ्याच प्रकरणात ओळखेल. त्यापेक्षा बातमीवर सेन्सॉर होता ते घ्या. शहर जळतंय आणि नायिकेला पेपरात काहीच सापडत नाही. बारीकसारीक गोष्टी तुम्हाला ठाऊक असतीलच: हिशोब आण्यांत, नवे पैसे 1957 पासून, ट्राम 1964 पर्यंत. चाळीत दोघांना एकांत देऊ नका, तो नव्हताच. नळावरच्या रांगेत काय बोलता येईल तेवढंच.

आता काकाबद्दल थोडं मागे घेते. तो आजीचा मुलगा. ते नाव वाचलं की आपली आई 'दुसरी' ठरते, असं त्याला वाटलं असणार, हे मला फार उशिरा सुचलं. तेव्हा त्याला अगदी खलनायक करू नका. पण चोरबाजार हे तो खोटंच बोलला, यावर मी ठाम आहे.

गेल्या दिवाळीत तो डोंबिवलीला आमच्याकडे आला होता. घंगाळाकडे बघून विचारलं, "कशाने घासतेस?" म्हटलं, पितांबरीने. तर म्हणाला, "आई चिंच लावायची."