वाचकांचे प्रश्न : जॅझच्या फोटोंची पुस्तकं

प्रश्न (गावभाग, सांगली) : नमस्कार काका, मी बँकेत नोकरीला आहे. रात्री हेडफोन लावून जॅझ ऐकायचा नाद लागलाय, माइल्स डेव्हिस, कोल्ट्रेन, चेट बेकर वगैरे, आणि आता या लोकांच्या फोटोंची पुस्तकं जमवावीशी वाटतायत. ऑनलाइन बघितलं तर एकाच फोटोग्राफरची चार-चार पुस्तकं, एक हजाराला एक तीस हजाराला, आणि विकणारा प्रत्येकजण फर्स्ट एडिशनचं गाणं गातो. सुरुवात कुठून करू? शिवाय आमचं घर तळमजल्यावर, २०१९ ला पाणी आत आलं होतं. घरचे म्हणतात पुस्तकं कशाला घेतोस, पुढच्या पुरात जातील.

उत्तर : आधी फर्स्ट एडिशनचं भूत उतरवू. फोटोच्या पुस्तकात पहिला प्रश्न एकच, छपाई कशी आहे. आणि जॅझच्या फोटोत तर जास्तच, कारण त्यात निम्म्याहून जास्त अंधारच असतो. काळा कोट, काळा पियानो, मागं काळी भिंत, काळ्या माणसाचा चेहरा आणि त्यावर एका बाजूनं पडलेला दिवा. छापणाऱ्यानं आळस केला की कोट, पियानो, भिंत सगळं मिळून डांबर फासल्यासारखं होतं, मग तो कोल्ट्रेन असो की कोणी असो, काय बघणार.

१९५०-६० च्या काळात बरीच फोटोपुस्तकं ग्रॅव्हिअरनं छापायचे. त्यात शाई सिलिंडरवरच्या बारीक खड्ड्यांत बसते, गडद जागी खड्डा खोल, म्हणजे तिथं कागदावर शाई खरोखर जाड पडते, म्हणून तो काळा रंग एवढा दाट दिसतो. पुढं ऑफसेट आलं, स्वस्त पडलं, पण फोटो एकाच काळ्या शाईत छापला तर फिका पडतो. मग डुओटोन आणि ट्रायटोन, म्हणजे एका फोटोला दोन किंवा तीन प्लेटा, एक काळी, एक करडी असं. आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या प्रेसवाल्याकडं चहाला बसा, लग्नपत्रिका छापणारा का असेना, अर्ध्या तासात सगळं समजावून देईल. सांगायचं काय तर, नंतरची चांगली छापलेली आवृत्ती आधीच्या फिक्या आवृत्तीपेक्षा किती तरी बरी असते, आणि बहुतेक वेळा स्वस्तही. विकणाऱ्याकडं कव्हरचा फोटो मागू नका, आतलं एक गडद पान दिवसाच्या उजेडात तिरकं धरून फोटो काढून पाठव म्हणा. पाठवला नाही तर सोडून द्या.

दुसरं, वादकाच्या नावानं जमवू नका, फोटोग्राफरच्या नावानं जमवा. माइल्स डेव्हिसची चार पुस्तकं घेतली तर तेच दहा-बारा फोटो फिरून फिरून येतात. फोटोग्राफर धरला की एका माणसाची नजर कळायला लागते.

कोणापासून? सगळे हर्मन लिओनार्ड सांगतील. १९४८ चा रॉयल रूस्ट क्लबमधला डेक्स्टर गॉर्डन, हातात सॅक्सोफोन, तोंडातून धूर, तो फोटो तुम्ही पाहिलाच असणार. लिओनार्ड मागून दिवा टाकायचा, म्हणून धूर उजळतो. सुंदर आहे, वाद नाही, पण अख्खं पुस्तक एका बैठकीत बघितलं की मला तरी धुराचा कंटाळा येतो. एक पुस्तक बास.

माझं मत विचाराल तर फ्रान्सिस वुल्फपासून सुरुवात करा. हा मूळ बर्लिनचा, १९३९ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि मित्र आल्फ्रेड लायनबरोबर ब्लू नोट रेकॉर्ड कंपनी चालवली. रेकॉर्डिंग चालू असताना कोपऱ्यात उभा राहून फोटो काढायचा. ही रेकॉर्डिंगं १९५९ पर्यंत रूडी व्हॅन गेल्डर नावाच्या इंजिनिअरच्या आईवडिलांच्या घरी, हॅकेनसॅकला, बैठकीच्या खोलीत व्हायची हो! ब्लू नोटच्या कितीतरी रेकॉर्डांची कव्हरं वुल्फच्या फोटोंवरची आहेत, फक्त ती कव्हरं रीड माइल्स नावाच्या डिझायनरनं कापून-छाटून केलेली, कुठं अर्धं डोकं गायब, कुठं नुसता हात. गंमत म्हणजे या रीड माइल्सला स्वतःला जॅझची फारशी आवड नव्हती. वुल्फचं पुस्तक उघडलं की तो कापलेला भाग परत दिसतो, मागचा माइक, सुरावटीच्या कागदावर वाकलेला माणूस, खुर्चीवर टाकलेला कोट. १९९५ मध्ये निघालेलं 'द ब्लू नोट इयर्स' सेकंडहँड बघा.

मग विल्यम क्लॅक्स्टन. १९६० मध्ये योआखिम बेरेन्ट या जर्मन लेखकाबरोबर गाडी घेऊन अख्खी अमेरिका फिरला, न्यू ऑर्लिन्सपासून तुरुंगातल्या वादकांपर्यंत. त्याचं 'जॅझ लाइफ' १९६१ ला जर्मनीत आलं, २००५ ला टाशेन या प्रकाशनानं परत काढलं, ते एवढं अवाढव्य की मांडीवर घेऊन बघणं शक्यच नाही, त्यामुळं नंतरची लहान आकाराची आवृत्ती घ्या. तुमच्या चेट बेकरचे प्रसिद्ध फोटोही याच क्लॅक्स्टनचे.

आणि पैसे जमले की रॉय डीकॅरावा. हा न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीतलाच माणूस, फ्लॅश न वापरता क्लबच्या अंधारात काढायचा, फोटो इतके गडद की पहिल्यांदा वाटतं छापताना बिघडलेत. जरा थांबून बघा, त्या अंधारात चेहरे दिसायला लागतात. 'द साउंड आय सॉ' त्यानं १९६० च्या दशकात स्वतःच्या हातानं जुळवून ठेवलं होतं, छापून आलं थेट २००१ मध्ये. छपाईचं मी वर जे पुराण लावलं ते कशासाठी, हे या एका पुस्तकात कळेल.

बेसवादक मिल्ट हिंटनचं 'बेस लाइन' पण शोधा, १९८८ चं. कॅब कॅलोवेच्या बँडबरोबर फिरताना हा स्वतःच कॅमेरा घेऊन असायचा, त्यामुळं स्टेजवरचे कमी आणि रेल्वेत झोपलेले, पत्ते खेळणारे, 'कलर्ड', म्हणजे फक्त काळ्यांसाठी, असं लिहिलेल्या दारापाशी उभे असलेले लोक जास्त. बाहेरून आलेल्या फोटोग्राफरला हे मिळत नाही.

किमतीचं थोडक्यात : एक्स-लायब्ररी प्रत म्हणजे अमेरिकेतल्या वाचनालयानं काढून टाकलेली, आत शिक्के असतात, पण फोटो तेच आणि किंमत बरीच कमी. वरचं सुटं कागदी कव्हर, म्हणजे जॅकेट, नसेल तर अजून भाव पाडा. आणि परदेशातून मागवताना आधी वजन विचारा, नाहीतर पुस्तक हजाराचं आणि पोस्टेज दोन हजार.

आता पुराचं. घरचे चुकीचं बोलत नाहीत. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. तुम्हाला मी काय सांगणार. लिओनार्डचंच बघा, २००५ मध्ये, म्हणजे सांगलीत पूर आला त्याच वर्षी, कॅटरिना वादळात न्यू ऑर्लिन्समधल्या त्याच्या घरात पाणी शिरलं आणि हजारो प्रिंट गेल्या, पण निगेटिव्ह आधीच म्युझियमच्या तिजोरीत हलवल्या होत्या म्हणून काम वाचलं. तुम्ही पण कपाट घेण्याआधी, वरच्या मजल्यावर राहणारा नातेवाईक शोधा. आत्तेभाऊ, साडू, कोणीही. जूनला पुस्तकं तिकडं, दिवाळीला परत.

हे मी थट्टेत म्हणत नाही, कारण या पुस्तकांचा कागद फार नाजूक. चकचकीत आर्ट पेपरवर चिकणमातीचा थर असतो, तो भिजून वाळला की पानं एकमेकांना जी चिकटतात ती सुटत नाहीत, ओढली तर फोटो निघून येतो. साधी कादंबरी भिजली तर निदान वाचता तरी येते. म्हणून आर्ट पेपरचं पुस्तक भिजलंच तर उन्हात ठेवू नका, ओलं असतानाच पानांच्या मधे कोरा कागद घाला, आणि तेवढा वेळ नसेल तर पिशवीत गुंडाळून सरळ फ्रीजरमध्ये टाका. घरचे ओरडतील, ओरडू द्या, गोठलेलं पुस्तक चिकटत नाही आणि बुरशीही थांबते, मग सवडीनं एकेक काढून वाळवा. एरवी मोठी पुस्तकं आडवी ठेवायची, उभी ठेवली की पानांच्या वजनानं बांधणी सुटते. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं. प्लास्टिकच्या घट्ट कव्हरात कोंडू नका, आतल्या आत ओल धरते. आणि जॅकेट फाटलं तर सेलोटेप? अजिबात नाही.

प्रश्न (सातारा) : सर, कॉलेजात शिकतो, पुस्तक घ्यायला पैसे नाहीत. नुसते बघायला तरी कुठं मिळतील?

उत्तर : विल्यम गॉटलीब. हा वॉशिंग्टन पोस्टमध्ये जॅझवर लिहायचा, पेपर फोटोग्राफरचे पैसे देईना म्हणून स्वतःच मोठा प्रेस कॅमेरा घेऊन शिकला. फिल्म आणि बल्ब महाग, त्यामुळं एका रात्रीत दोन-चारच फोटो, पण विचार करून काढलेले. डोळे मिटून गाणारी बिली हॉलिडे, १९४७ च्या सुमाराचा, तो याचाच. त्याचा संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडं आहे आणि २०१० पासून कॉपीराइटमधून मोकळा. दीड हजारांवर फोटो, मोठ्या साइजमध्ये, फुकट. डाउनलोड करून राजवाड्याजवळच्या एखाद्या फोटो स्टुडिओत मॅट पेपरवर प्रिंट काढा, पण 'ऑटो करेक्शन बंद ठेवा' हे दोनदा सांगा, नाहीतर तो सगळे चेहरे उजळून गोरेपान करून देईल.

प्रश्न (मिरज) : आपल्याकडं पण जॅझ होतं म्हणतात, त्याच्या फोटोंचं काही पुस्तक आहे का? आमच्या घरी दर्ग्यातल्या उरुसाच्या गाण्याचे जुने फोटो आहेत, त्यांचं काय करावं?

उत्तर : आहे की. नरेश फर्नांडिस यांचं 'ताज महाल फॉक्सट्रॉट', २०१२ चं. १९३५ मध्ये लिऑन ॲबीचा बँड मुंबईच्या ताजमध्ये आला तिथपासूनची हकिकत आणि भरपूर जुने फोटो. त्यात गोव्याचा चिक चॉकलेट भेटेल, तोच तो ट्रम्पेटवाला, आपल्या सी. रामचंद्रांबरोबर 'अलबेला'च्या संगीतात होता. मुंबईच्या हॉटेलांत वाजवणारेच दिवसा सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात असायचे, त्यामुळं जॅझ आपल्या घरात रेडिओवरून कधीच येऊन बसलेलं, आपण त्याला त्या नावानं हाक मारत नव्हतो एवढंच.

तुमच्या फोटोंचं मात्र आत्ताच बघा. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात होणाऱ्या गाण्याचे असतील तर त्यांची किंमत पुस्तकांपेक्षा जास्त आहे. काळ्या चिकट पानांच्या अल्बमात असतील तर ओढून काढू नका, आहेत तसेच सहाशे डीपीआयला स्कॅन करून घ्या. सुटे असतील तर मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीनं, पेनानं नको, कोण गातंय, तंबोऱ्यावर कोण, तबल्याला कोण, साल कुठलं ते लिहा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून लिहा आणि ते बोलत असताना मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा, कारण नावं सांगता सांगता ते भलतंच काहीतरी सांगतात आणि नेमकं तेच कुठं लिहिलेलं नसतं.