वेळापत्रक वाईट आठवड्याचं

तुझं पत्र दोनदा वाचलं. नाव छापू नका असं लिहिलं आहेस, तसंच करते. इतर वाचकांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात: पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी ही मुलगी १४ महिने भौतिकशास्त्राचं यूट्यूब चॅनेल एकटीने चालवते आहे. आठवड्याला दोन मोठे व्हिडिओ आणि रोज एक शॉर्ट, म्हणजे छोटा उभा व्हिडिओ. ११ हजार सबस्क्रायबर झाले. परीक्षेसाठी नऊ दिवस थांबली तर व्ह्यूज निम्म्यावर आले, आणि तेव्हापासून एडिटिंगला बसलं की तिला रडू येतं. बाबा म्हणतात, चॅनेल बंद कर. मैत्रिणी म्हणतात, कॉलेज सोड आणि हेच कर. ती विचारते, कोणाचं ऐकू?

सध्या कोणाचंच नको. दोघंही एवढा मोठा निर्णय तुझ्याकडून थकलेल्या अवस्थेत मागताहेत.

‘मी दिवसाला तीन-चार तास देते’ असं तू सुरुवातीला म्हणतेस. खाली एकेका कामाचे तास तूच दिले आहेस, ते मी कागदावर मांडले. एका मोठ्या व्हिडिओला वाचन आणि स्क्रिप्ट पाच तास, शूटिंग दोन, एडिटिंग सात, थंबनेल (व्हिडिओचं मुखचित्र) आणि शीर्षक एक. झाले पंधरा. असे दोन म्हणजे तीस. शॉर्टला दीड तास, सात दिवसांचे साडेदहा. कमेंट्सना रोज एक तास, म्हणजे आणखी सात. बेरीज साडेसत्तेचाळीस! दिवसाला जवळजवळ सात तास होतात. कॉलेज सांभाळून तू दुसरी पूर्णवेळ नोकरी करते आहेस, आणि तिला सुट्टीचा दिवसच नाही. ‘मी आळशी झाले का?’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर या बेरजेत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आपल्या वर्गीकरणात बर्नआउटची व्याख्या दिली. हा आजार नाही, कामावरचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने येणारी अवस्था आहे, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. तिची तीन लक्षणं: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणं आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तुझ्या पत्रातली ‘कोणी शंका विचारली तरी चीड येते’ ही ओळ मला सगळ्यात जास्त टोचली. चौदा महिन्यांपूर्वी याच शंकांसाठी तू चॅनेल काढलंस. आता तू पाट्या टाकते आहेस आणि ते तुझं तुलाच सहन होत नाहीये. मात्र झोप, भूक, मैत्रिणींशी बोलणं या सगळ्यातूनच मन उडालं असेल, तर वेळापत्रक बदलून भागणार नाही. मग आधी डॉक्टरांना भेट, आणि बाबांना सोबत ने.

आता मुद्द्याचं. तू वेळापत्रक आखलंस ते सुट्टीतल्या तुझ्या सगळ्यात चांगल्या आठवड्यावरून. परीक्षा नव्हती, घसा बसला नव्हता, डोक्यात दहा विषय तयार होते. वेग ठरवायचा तो सगळ्यात वाईट आठवड्यावरून. सबमिशन आहे, सर्दी झाली आहे, लाइट गेली आहे, अशा आठवड्यात तू काय करू शकशील? माझ्या अंदाजाने तीन आठवड्यांना दोन मोठे व्हिडिओ. म्हणजे आठवड्याला दहा तास. तोच तुझा वेग. शॉर्ट वेगळे बनवूच नकोस, मोठ्या व्हिडिओतला एखादा चांगला तुकडा काप.

आणि गंगाजळी ठेव. मी काही वर्षं साप्ताहिक सदर लिहीत होते. पहिल्या वर्षी दर मंगळवारी रात्री घाम फुटायचा. मग एका सुट्टीत तीन लेख लिहून बाजूला ठेवले आणि विषय हाताशी असतानाही ते वापरले नाहीत. घरातल्या आजारपणात त्यातले दोन गेले. परतल्यावर आधी ते दोन भरून काढले, मगच पुढचा ताजा लेख लिहिला. तुझ्यासाठी तीन व्हिडिओ तयार करून, तारखा घालून शेड्यूल केलेले असावेत. चांगल्या आठवड्यात जास्त काम झालं तर ते लगेच टाकायचा मोह होईल. तेवढा आवर.

व्ह्यूज पडले ही भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण निम्मे झाले ते कुठले? यूट्यूब स्टुडिओमध्ये, म्हणजे चॅनेलचे आकडे दाखवणाऱ्या अॅपमध्ये जाऊन शॉर्ट आणि मोठे व्हिडिओ वेगळे करून बघ. रोजचा रतीब थांबला की शॉर्टचे आकडे लगेच खाली येतात. ‘घर्षण म्हणजे काय’ असं शोधून येणारा विद्यार्थी मात्र तू सुट्टीवर आहेस का हे बघत नाही. तुझ्या विषयाचं हे मोठं भाग्य आहे. बातम्यांवर किंवा ट्रेंडवर चालणाऱ्याला ते मिळत नाही. यूट्यूबच्या तेव्हाच्या प्रमुख सुझन वोजिस्की यांनीही २०१९ मध्ये क्रिएटर्सना लिहिलं होतं की विश्रांती घेऊन परतलेल्या चॅनेल्सना सरासरीने आधीपेक्षा जास्त व्ह्यूज मिळतात. सरासरी म्हणजे तुझी हमी नव्हे, पण थांबलीस की संपलीस, हे खरं नाही.

आकडे मात्र आठवड्यातून एकदाच बघ, ठरलेल्या वारी. फोन कपाटात ठेवला तरी हात तिकडे जातो, असं लिहिलं आहेस. त्यात तुझ्या मनाचा दुबळेपणा नाही. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की माणूस पुन्हा पुन्हा तीच कळ दाबतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत फार पूर्वी दाखवलं आहे. स्टुडिओचं अॅपच फोनमधून काढ, लॅपटॉपवर बघ.

कॉलेज सोडण्याबद्दल माझं स्पष्ट मत: नको. २०१७ मध्ये चॅनेलला एकूण १० हजार व्ह्यूज असले की जाहिरातींसाठी अर्ज करता येत होता. २०१८ च्या सुरुवातीला ती अट १ हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४ हजार तास वॉचटाइम (प्रेक्षकांनी व्हिडिओ पाहण्यात घालवलेला वेळ) अशी झाली, आणि असंख्य छोट्या चॅनेल्सचं उत्पन्न एका निर्णयाने थांबलं. त्यांच्या कामात काहीच उणं नव्हतं. ज्याचे नियम दुसरा ठरवतो, त्याच्यावर विसाव्या वर्षी सगळा भार टाकू नये. शिवाय तू जे शिकवतेस ते तू कॉलेजमध्ये शिकते आहेस! विहीर बुजवून पाणी विकायला कशी निघणार?

बाबांना हे पत्र दाखव. काका, तिच्याकडे स्क्रिप्टची शिस्त आहे, अवघड गोष्ट सोपी करून सांगण्याची हातोटी आहे, आणि १४ महिन्यांचं काम दाखवायला आहे. अध्यापन, विज्ञानलेखन, अभ्यासक्रम तयार करणं, कुठेही हे तिच्या उपयोगी पडेल. चॅनेल बंद करायला सांगू नका, रात्री अकराला लॅपटॉप बंद करायला सांगा.

शेवटी विचारलं आहेस की प्रेक्षकांना काय सांगू. ब्रिटिश यूट्यूबर टॉम स्कॉट यांनी दहा वर्षं दर आठवड्याला व्हिडिओ दिले आणि १ जानेवारी २०२४ ला, दमलो आहे हे मोकळेपणाने सांगून, ती मालिका थांबवली. तुला तर कायमचं थांबायचंही नाही, फक्त सहा आठवडे विसावा घेऊन गंगाजळी भरायची आहे. चॅनेलवर एक पोस्ट टाकून एवढंच लिही: ‘सहा आठवडे नवीन व्हिडिओ येणार नाहीत. त्यानंतर तीन आठवड्यांना दोन येतील. पहिला प्रकाशाच्या अपवर्तनावर.’ परतण्याची तारीख घाल. माफी मागू नकोस.