गटाच्या मागे राहून चाल

चि., अनेक आशीर्वाद.

अजिंक्यताऱ्यावरच्या गाइडांची देखरेख आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सोयी, दोन्ही तुझ्याकडे आल्याचं कळलं. आनंद झाला. माहितीपत्रक लिहायला घेतलं आहेस म्हणे. त्याला घाई नाही. आधी रोज एखाद्या गटाबरोबर वर जा, आणि मागे राहून चाल. पुढे फक्त गाइडचा आवाज ऐकू येतो. कोणत्या वळणावर आजींना दम लागतो, पोरं नेमकी कुठे ऐकणं सोडून मोबाइल काढतात, हे मागेच कळतं.

आपला किल्ला शहराच्या डोक्यावर. सकाळी वर येणाऱ्यांत पर्यटक थोडे, फिरायला निघालेले सातारकर जास्त. त्यांना इतिहास ऐकवायला जाऊ नकोस, पण ओळख ठेव. तटाचा दगड हलला, पायऱ्यांवर शेवाळ धरलं, कुठे आग्यामोहोळ बसलं, हे त्यांना तुझ्या माणसांच्या आधी दिसतं. मोहोळाची सूचना पायथ्याशीच द्यायची: धूर नको, उग्र अत्तर नको, दगड मारणं तर नकोच.

खरी मेहनत आहे ती गाइड काय सांगतात त्यावर. वेढा सांगायला सगळ्यांना आवडतो. औरंगजेब स्वतः खाली छावणी टाकून बसलेला, वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी सुरुंग उडवले. त्यातल्या एकाने तट बाहेरच्या अंगाला कोसळला आणि त्यांचंच सैन्य खाली गाडलं गेलं. इथे टाळ्या पडतात, आणि बहुतेक गाइड इथेच थांबतात. त्याच महिन्यात किल्ला द्यावा लागला, त्याचं नाव आझमतारा झालं, हे सांगायला जीभ रेटत नाही. तेही सांगायला लाव. डिसेंबरपासून वेढा, मार्चमध्ये राजाराम महाराजांचं सिंहगडावर निधन. अशा दिवसांत किल्ला किती काळ लढला हे शेवट सांगितल्याशिवाय उमजत नाही. एखादं पोरगं विचारतंच, ‘म्हणजे आपण हरलो?’ त्याला लगेच गप्प करू नये. १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक याच साताऱ्यात झाला एवढं सांगावं आणि मधल्या आठ वर्षांत काय घडलं असेल, ते पोरांनाच विचारावं. काय काय उत्तरं देतात बघ!

वाघनखांचं तसंच. २०२४ मध्ये ती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हापासून लोक गडावरही विचारतात. गाइडने इतकंच म्हणावं, की ग्रँट डफ साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी, असताना ती त्याला मिळाली, असं सोबतच्या पेटीवर लिहिलं आहे. पण अफझलखानाच्या भेटीतली ती हीच, याची खात्री करता आलेली नाही, असं लंडनचं संग्रहालयच सांगतं. कुणीतरी भडकेल. तेव्हा गाइडला एकटं सोडू नकोस, पुढे होऊन तेच वाक्य आवाज न चढवता तू म्हण. गाइड चुकला तर मात्र चारचौघांत टोकायचं नाही. खाली उतरल्यावर, चहा पिताना बोल.

चार भिंतीकडे, म्हणजे हुतात्मा स्मारकाकडे, गट नेला तर बोलणं आवरतं घ्यावं. ८ सप्टेंबर १८५७ ला इंग्रजांनी गेंडामाळावर उठावातल्या १७ जणांना फासावर, तोफेच्या तोंडी आणि गोळ्या घालून मारलं, एवढं सांगितलं तरी पुरे. तिथे पोवाड्याचा सूर लावणाऱ्या गाइडांचा मला फार राग येतो.

तिकिटं, पावत्या यांत माझं डोकं चालत नाही, ते हिशेबनिसालाच विचार. स्वच्छतागृह आणि पिण्याचं पाणी मात्र रोज स्वतः बघ, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नकोस. नळाला पाणी नसेल त्या दिवशी कितीही चांगला गाइड दे, लोक तेवढंच लक्षात ठेवून घरी जातात. दिवाळी झाली की सहली सुरू होतील. शाळेला आधी फोन करून मुलं किती, त्यात मुली किती, कुणाला चढायला त्रास आहे का, हे विचारून ठेव. चढता न येणाऱ्यासाठी गाडी वर जाते. पण ते आदल्या दिवशी कळलं तर सोय होते, नाहीतर ते पोर बसमध्येच बसून राहतं.

कळावे.