तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : परदेशी चेंबर येऊन नक्की काय देऊन जाते?

प्रश्न : माझी छोटी फाउंड्री आहे, वडिलांपासूनची. मागं आमच्या असोसिएशनकडं परदेशी चेंबरची, म्हंजे तिकडच्या व्यापारी-उद्योजकांच्या संघटनेची माणसं आलती. फेटे बांधले, शाल-श्रीफळ झालं, करारावर सह्या झाल्या, तांबडा-पांढरा ओरपून पाहुणे गेले. त्यातला एकजण भाषणात म्हणाला, कम्युनिस्ट राजवट गेल्यावर पूर्व युरोपात बाजार उभा करायला आमच्यासारख्या चेंबर्सनी हातभार लावला. हे खरं का? आन् खरं असंल तर आमाला त्याचा काय उपयोग, का नुसते फोटोच?
— एक फाउंड्रीवाले, कोल्हापूर

उत्तर : खरं आहे की, पण भाषणात वाटतं तेवढं सरळ नाही.

1989 नंतर पोलंड, हंगेरीकडं सरकारी मालकी सुटायला लागली, गल्लोगल्ली धंदे निघाले, पण त्यांच्या वतीनं सरकारशी भांडायला कोणी नव्हतं. जुन्या चेंबर होत्या त्या सरकारी खात्यासारख्याच. पोलंडनं 1 जानेवारी 1990 पासून बहुतेक किमती मोकळ्या सोडल्या आणि त्याच वर्षी तिथं नवी राष्ट्रीय चेंबर झाली. मग बाहेरचे मदतीला आले. जर्मन उद्योग संघटनांनी 1991 ला बॉनमध्ये सेक्वा नावाची संस्थाच काढली, जी जर्मनीतल्या चेंबरची दुसऱ्या देशातल्या चेंबरशी काही वर्षांसाठी जोडी लावून देते, पैसा बराचसा जर्मन सरकारचा. अमेरिकेची साइप म्हणून संस्था आहे, 1983 ची, यूएस चेंबरशी जोडलेली, तिच्याकडंही पैसा मुख्यतः तिथल्या सरकारकडूनच येतो. म्हणजे फुकटचा परोपकार कोणाचाच नव्हता, जर्मनांना शेजारी गिऱ्हाईक आणि सप्लायर पाहिजे होते, अमेरिकेला राजकारण. यात वाईट काही नाही, फक्त सही करताना समोरच्याला काय पाहिजे ते आपल्याला माहीत असावं.

आता उपयोगाचं. माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं काम झालं ते युरोपात नाही, व्हिएतनाममध्ये. तिथं 1986 ला दोई मोई म्हणून आर्थिक सुधारणा सुरू झाल्या, 1999 चा एंटरप्राइज कायदा आला आणि खाजगी कंपनी काढणं सोपं झालं. कागदावर हां! जिल्ह्या-प्रांतातला साहेब तोच, त्याची सवय तीच. तर तिथल्या चेंबरनं, व्हीसीसीआयनं, 2005 पासून युएसएड या अमेरिकन सरकारच्या परदेशी मदत देणाऱ्या संस्थेच्या मदतीनं एक सर्व्हे सुरू केला, दरवर्षी हजारो धंदेवाल्यांना विचारायचं की रजिस्ट्रेशनला किती दिवस लागले, जमिनीचे कागद मिळायला किती त्रास झाला, वर्षात किती वेळा तपासणीला आले, आणि (हे महत्त्वाचं) वरचे पैसे द्यावे लागले का. त्यावरून प्रांतांचे नंबर काढून जाहीर करायचे. झालं, खालच्या नंबरचे प्रांतप्रमुख अस्वस्थ, शेजारचा प्रांत वर कसा गेला म्हणून चौकशा सुरू. चेंबरनं मोर्चा काढला नाही का निवेदन दिलं नाही, नुसता निकाल लावला. व्हीसीसीआय काही सरकारपासून फार लांबची संस्था नाही, तरी तिला हे जमलं, कारण साहेब वाईट आहे असं चेंबर स्वतः म्हणत नव्हती, हजारो धंदेवाल्यांची निनावी उत्तरं म्हणत होती. पैसे आणि पद्धत बाहेरची, पण विचारलं तिथल्याच लोकांनी. युएसएड 2025 ला बंदच झाली, तेव्हा दुसऱ्याच्या पैशावर किती विसंबायचं तेही यातून कळतंय.

तर तुमच्या पाहुण्यांकडं पुन्हा जाणं झालं तर मशिनरीचे कॅटलॉग आणू नका, ते नेटवर आहेत. त्यांच्या ऑफिसात बसणारा पगारी माणूस दिवसभर काय करतो ते बघा. सभासदाचा फोन आला की कुठं नोंद होते, वापरलेल्या वाळूचा किंवा लाइटबिलाचा प्रश्न असेल तर आकडे कसे गोळा करतात, सरकारकडं जाताना हातात काय घेऊन जातात. आपल्याकडं अध्यक्ष बदलला की फाइलीसुद्धा त्यांच्या घरी जातात, खरं की नाही? आपली संघटना नीट पत्र लिहिते तेव्हा काय होतं तेही बघितलंय आपण. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटलीच्या कंपनीनं कोल्हापुरीसारखी चप्पल उतरवली आणि कुठली ते सांगितलंच नाही, तेव्हा 1927 ला वालचंद हिराचंद यांनी काढलेल्या महाराष्ट्र चेंबरनं थेट कंपनीला पत्र धाडलं, 2019 च्या जीआयचा (म्हणजे त्या भागाच्या मालाला मिळालेल्या भौगोलिक नावाच्या नोंदणीचा) हक्क दाखवला, आणि ही डिझाइन भारतीय चपलेवरूनच सुचली हे कंपनीला मान्य करावं लागलं. त्याला कुठला परदेशी करार लागला नव्हता.

प्रश्न : आमच्या यंत्रमागधारकांच्या संघटनेत निम्मे लोक वर्गणीच भरत नाहीत. जर्मनीत म्हणे सगळ्यांना सभासद व्हावंच लागतं. आपण पण सरकारकडं तशी मागणी करावी का?
— कार्यकारिणी सदस्य, इचलकरंजी

उत्तर : जर्मनीत आहे तसा कायदा, 1956 चा, बहुतेक सगळ्या धंद्यांना चेंबरचं सभासदत्व सक्तीचं. पण तिथं बदल्यात कामही होतं, कारखान्यात शिकणाऱ्या पोरांच्या परीक्षा चेंबरच घेते, सर्टिफिकेट तिचंच. हंगेरीनं 1994 ला साधारण तोच नमुना उचलला, सक्ती केली, आणि 2000 मध्ये काढून टाकली. सक्ती गेल्यावर सभासद धडाधड गळाले, म्हणजे इतकी वर्षं भरत होते ते भीतीनं. 2012 ला तिथं परत नोंदणी आणि थोडी फी सक्तीची झाली, पण पूर्वीसारखं सभासदत्व नाही.

तेव्हा मागणी करायची घाई नको. जे भरत नाहीत त्यातल्या दहा जणांकडं स्वतः जा, चहा प्या, आणि संघटनेनं त्यांचं कुठलं काम केलं तर ते पैसे काढतील ते विचारा. सुताचे दर रोज मोबाइलवर पाठवा म्हणतील, नाहीतर लाइटबिलाची सबसिडी अडकलीय त्यासाठी कोणीतरी मागं लागा म्हणतील. यातलं एक जरी वर्षभर नेमानं केलं तर वर्गणीची पावती फाडायला ते आपणहून येतील, आणि सरकारला मध्ये घेतलंत तर उद्या तेच सरकार तुमची निवडणूक कशी घ्यायची तेही सांगेल.