गार्डाला विचारा : हॉल्टवर तिकीट कुणाकडे मागायचं?

प्रश्न : काका, आम्ही यंदा वास्को-कुळे मार्गावरच्या एका हॉल्टजवळ राहायला आलो. तिथं मास्तर नाही, तिकीट खिडकी नाही. एक शेड, दोन बाकडी आणि नावाची पाटी, बस्स. मुलगी मडगावला बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. बिनतिकीट चढली आणि टीसी आला तर? शिवाय काळोख पडल्यावर ती त्या ओसाड फलाटावर उतरते, त्याचा घोर वेगळाच.
– एक आई, सासष्टी

उत्तर : वहिनी, आधी पैशांचं मिटवू. पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुलींना घर ते कॉलेज असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे मोफत देते. (मुलग्यांना ही सवलत बारावीपर्यंतच. तिला धाकटा भाऊ असेल तर त्याचं तोंड आत्ताच वाकडं झालं असेल.) कॉलेजच्या ऑफिसातून सवलतीचा फॉर्म सही-शिक्क्यानिशी घ्या आणि मडगावच्या खिडकीवर द्या. ‘कुठून’ या रकान्यात हॉल्टचंच नाव घाला. सवयीनं पुढच्या मोठ्या स्टेशनचं घातलंत, तर तेवढा तुकडा बिनतिकिटाचा राहील.

तुम्हाला स्वतःला जायचं असेल तर ‘रेलवन’ ॲपवर तिकीट निघतं. मात्र ते घरच्या बाल्कांवात बसूनच काढा, रुळांच्या अगदी जवळ गेलात की ॲप अडवतं. स्क्रीनशॉट दाखवून भागत नाही.

आणि ॲप नाही, रेंज नाही, गाडी तर समोर आली? मग शेवटच्या डब्याकडे चला. हॉल्टवर मास्तर नसतो तेव्हा तिथला मास्तर म्हणजे गाडीतला गार्ड. २०२२ पासून आमच्या जातीला ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणतात. म्हणोत बापडे, काम तेच. ‘इथं तिकीट मिळत नाही, मला अमुक ठिकाणी जायचंय’ असं त्याला चढण्याआधी सांगा आणि दाखला मागा. १९८९च्या रेल्वे कायद्यात ही सोय आहे. दाखला असला की नुसतं भाडं द्यायचं. न सांगता बसलात, तर भाडं आणि वर किमान २५० रुपये. तेव्हा ‘खिडकीच नव्हती हो!’ असं टीसीपुढे कितीही कळवळून सांगा, फारसा उपयोग नाही.

आता मुलीचं. तिला सांगा, मागच्या डब्यांत बसायचं. मोठ्या स्टेशनात गाडी सिग्नल आणि मास्तरच्या भरवशावर सुटते. हॉल्टवर मात्र गार्डच दरवाजात उभा राहून फलाट न्याहाळतो, चढणारे-उतरणारे आटोपले की शिट्टी आणि हिरवा बावटा दाखवतो, रात्री हिरवा दिवा. मागून उतरणारी पोर त्याच्या डोळ्यांसमोर उतरते. पुढच्या डब्यातली, त्यात वळणावरचा हॉल्ट आणि पाऊस, म्हणजे त्याला नुसती छत्री दिसते. रोजचा गार्ड चार दिवसांत ओळखीचा होतो, आणि कोण अजून उतरायचंय ते लक्षात ठेवतो. मी तरी ठेवत असे. मासळीच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या बायकांनी मला तशी शिस्तच लावली होती.

हॉल्टचा फलाट बहुधा सखल असतो. उतरताना तोंड डब्याकडे, दोन्ही हात दांड्यांवर, बॅग पाठीला. मोबाईल हातात घेऊन उतरायची आजची जी पद्धत आहे ती इथं मोडायची. उतरल्यावर गाडी पूर्ण निघून जाईपर्यंत जागचं हलायचं नाही. जिथं दुसरा रूळ पडलाय, तिथं आपल्या गाडीच्या आवाजात समोरून येणारी ऐकू येत नाही. घाबरण्यासारखं काही घडलं तर १३९ वर फोन करावा. पहिले काही दिवस घरचं कुणी बॅटरी घेऊन फलाटावर गेलं तर बरंच, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रश्न : हॉल्टवर सिग्नलच नसतो, मग ड्रायव्हरला थांबायचं कळतं कसं?
– एक विद्यार्थी, सांगे

उत्तर : वेळापत्रकानं. शिवाय हॉल्टच्या अलीकडे पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची पाटी असते, ती दिसली की ब्रेकची तयारी. कुळ्याकडच्या पावसात ती पाटी धुवून निघते, पण दिसेलच असं नाही. म्हणून नव्या ड्रायव्हरला आधी जाणत्याबरोबर तो मार्ग दिवसा-रात्री पाहावा लागतो. ‘मार्ग मला ठाऊक आहे’ अशी सही केल्याशिवाय त्याच्या हाती गाडी देत नाहीत.