चढावर स्कूटर दमते? आधी बेल्ट बघ

मोठा कार्ब्युरेटर किंवा महागडा सायलेन्सर घ्यायची घाई करू नकोस. छोट्या गाडीत त्याने आवाजच जास्त वाढतो. आधी गाडी स्टँडवर लाव आणि मागचं चाक हाताने फिरवून बघ. ते जड फिरत असेल तर बहुधा ब्रेक घासतोय, आणि गाडीची ताकद तिथेच वाया जातेय. हवा नीट भर, एअर फिल्टर बघ.

मग डावीकडचं कव्हर उघड. खरी गोम बहुतेक वेळा तिथेच असते. इंजिनची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा बेल्ट झिजून अरुंद झाला की पुलीत (ज्या चाकावरून तो फिरतो) खोल बसतो, आणि उचलीच्या वेळी लागणारा गिअर रेशो, म्हणजे पहिल्या गिअरसारखा जोर, पुरेसा मिळत नाही. रुंदी मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघ. व्हेरिएटरमधले (वेगानुसार गिअर आपोआप बदलणारी पुढची पुली) छोटे गोल रोलर काढून बोटांत फिरव. एका बाजूने चपटे झाले असतील तर सगळा संच बदल. कव्हरच्या आत ग्रीस किंवा तेल दिसलं तर ते आलं कुठून हे आधी शोध, नाहीतर नवा बेल्टही घसरेल.

एवढं करूनही चढावर इंजिन गुदमरत असेल, तर थोडे हलके रोलर टाक. एकदम फार हलके नकोत. इंजिन जास्त आरपीएमवर (मिनिटाला जास्त फेरे घेत) राहून जोर लावेल, पण सपाट रस्त्यावर गाडी जास्त ओरडेल आणि पेट्रोलही थोडं जास्त पिईल. चढाच्या आधीच वेग धर. आणि मागे दोघं बसवत असशील तर बिचाऱ्या रोलरना दोष देऊ नकोस!